एक सिनेमा, एका दिवसाची मजुरी

जव्हार-मोखाड्याकडे ज्यांचे बालपण गेले, त्यांना व्हीसीआरची रात्र आठवत असेल. घरटी वर्गणी काढायची, टीव्ही, व्हीसीआर आणि दोन-तीन कॅसेटी भाड्याने आणायच्या आणि अंगणात गोधड्या टाकून पहाटेपर्यंत बघत बसायचे. कोणता सिनेमा आणायचा यावर मोठा वाद होई. पण ठरायचे ते चारचौघांच्या विचाराने, आणि पैसे लागायचे ते त्या एका रात्रीचेच.

‘बघाल त्याचेच पैसे’ हा व्यवहार म्हणूनच आपल्याला नवा नाही. अमेरिकेत कोलंबस शहरी १९७७ साली ‘क्यूब’ नावाची केबल सेवा सुरू झाली. घरातले बटण दाबून सिनेमा निवडायचा, त्याचे पैसे बिलात लागायचे. याला म्हणतात पे-पर-व्ह्यू. सिनेमा ठरल्या वेळी सर्वांसाठी सुटतो, पैसे भरणाऱ्याच्याच घरी त्याचे कुलूप उघडते. व्हिडिओ-ऑन-डिमांडची गोष्ट वेगळी. तिथे तुम्ही मागाल तेव्हा सिनेमा सुरू होतो, मध्येच थांबवताही येतो. ऑरलँडो शहरात १९९४ च्या अखेरीस हा प्रयोग मोठ्या थाटात सुरू झाला, पण खर्च पेलेना, १९९७ मध्ये गुंडाळावा लागला.

आपल्याकडची जुनी केबल एकमार्गी होती. चित्र घरात यायचे, पण घरातून मागणी परत जायची सोय नव्हती. डोंगरात विखुरलेल्या पाड्यांवर तर वायर ओढणेच परवडत नसे. तिथे टीव्ही पोचला तो छपरावरच्या डिशने. खासगी डिश सेवा देशात २००३ मध्ये आली, दूरदर्शनची विनाभाड्याची २००४ मध्ये. पुढे हातात मोबाइल आला आणि मागणीचा सिनेमा खिशात शिरला.

आता हिशेब मांडू. १३ मे २०२१ रोजी ‘राधे’ हा हिंदी सिनेमा घरबसल्या बघण्यासाठी आला. एकदा बघण्याचे २४९ रुपये. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला २४८ रुपये. म्हणजे दिवसभर उन्हात माती खणावी, तरी सिनेमाला एक रुपया कमीच!

म्हणून सिनेमा बघूच नये, असे मी म्हणणार नाही. कष्टकऱ्यालाही करमणूक हवी. सहा माणसे एकत्र बसली तर माणशी साडेएकेचाळीस रुपये पडतात. थिएटरपर्यंतच्या एसटी भाड्याचा विचार केला तर हे महाग नाही. पण तोच सिनेमा एकट्याने मोबाइलवर बघितला तर २४९ चे २४९.

खरा धोका वेगळाच आहे. आमच्याच घरी धाकट्याने ‘पहिला महिना फुकट’ बघून बटण दाबले. पुढे दरमहा १४९ रुपये कापले जाऊ लागले. बँकेचा मेसेज येत होता, पण जाहिरातींच्या गर्दीत कोणी वाचलाच नाही. तीन महिन्यांत ४४७ रुपये गेले. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणारा मी, घरचाच हिशेब चुकलो!

तेव्हा बंधूभगिनींनो, एवढे करा. असे दरमहा आपोआप पैसे कापण्यापूर्वी बँकेने किमान २४ तास आधी कळवावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. तो मेसेज वाचा. नको असेल तर संमती रद्द करता येते. ओटीपी मुलांच्या हाती देऊ नका. करमणुकीचा महिन्याचा आकडा घरातल्या बाईच्या विचाराने ठरवा आणि वहीत लिहा.

आणि पैसे भरून सिनेमा लावलाच, तर शेजारच्या आजीलाही हाक मारा. कोणता लावायचा यावर थोडा वाद झाला तरी चालेल.