विनोदी गीतें व आपली अभिरुचि

स्नेहसंमेलन जवळ आलें कीं शाळेंत एक वाद हटकून निघतो : चित्रपटांतील थट्टेचीं गाणीं रंगमंचावर म्हणूं द्यावींत कीं नाहीं ? वाद जुनाच आहे. १९४७ सालीं ‘शहनाई’ हा विनोदी हिंदी बोलपट निघाला. त्यांतील रविवारच्या भेटीचें गाणें रस्तोरस्तीं ऐकूं येऊं लागलें. त्याच्या शब्दांत इंग्रजीची भेसळ, साथीला गिटार व हार्मोनिका. तेव्हां अनेकांनीं नाकें मुरडलीं.

हा आक्षेप अगदींच पोकळ नव्हता. त्या गाण्यांत मद्याचें आमिष आहे, आणि मुलांच्या ओठीं जें दिवसभर घोळतें त्याचा ठसा मनावर उमटतोच. परंतु गाणें पुरतें ऐकावें. साहेबी थाटाचा तो उल्लू नायक लंडन-पॅरिसचीं स्वप्नें दाखवितो, आणि ती बाई त्याची चांगलीच हजेरी घेते ! थट्टा होते ती त्याच्या साहेबीपणाची.

वाद्यें परकीं म्हणावींत, तर प्रार्थनेची आपली बाजाची पेटी तरी मूळची कोठली ? तीही युरोपांतूनच आली. संगीतकार सी. रामचंद्र हे तर नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे. विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखालीं शिकलेले. १९६२ च्या युद्धांत पडलेल्या जवानांचें जें स्मरणगीत २७ जानेवारी १९६३ रोजीं दिल्लींत लता मंगेशकरांनीं गायिलें, त्याची चालही यांचीच. हंसविणाऱ्यास रडवितांही येतें.

बंदीचा उपायही करून झाला. १९५२ मध्यें बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाल्यावर आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ नाहींशीं झालीं. श्रोत्यांनीं मुकाट्यानें रेडिओ सिलोन लावला ! अखेर १९५७ सालीं ‘विविध भारती’ सुरू झाली आणि तींच गीतें सन्मानानें घरीं परतलीं.

म्हणून गुरुजनांस नम्र विनंती कीं, गाणें विनोदी आहे एवढ्यावरून तें टाकूं नये. तें कोणास हंसतें, हें आधीं पाहावें. दुबळ्यास हंसणारें व आईवडिलांपुढें म्हणवणार नाहीं असें गाणें खुशाल वर्ज्य करावें. पण ढोंगास हंसणाऱ्या गाण्यास रंगमंच मोकळा असावा. आणि विद्यार्थिबंधूंनो, निवड आपल्यावर सोंपविली गेली, तर ती जबाबदारीनें करून दाखवूं या. कान बंद करून अभिरुचि घडत नाहीं. ती चांगलें ऐकून व पारखून घडते.