कोणता नकाशा खरा?

२६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंधेरीच्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाची एक बाजू रहदारीस खुली झाली आणि साऱ्या मुंबईने एक अजब देखावा पाहिला. नवा पूल वर, त्याला पूर्वी जोडलेला बर्फीवाला उड्डाणपूल खाली. आणि दोहोंच्या मध्ये सुमारे दीड मीटरची तफावत! पुढे व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांचा सल्ला घेऊन बर्फीवाला पूल जॅक लावून उचलण्यात आला आणि जुलै २०२४ मध्ये सांधा एकदाचा जुळला. हे अवघड काम ज्यांनी तडीस नेले त्यांना आम्ही शाबासकीच देऊ. परंतु उभा पूल उचलण्याची पाळी मुळात आली का, हा प्रश्न त्या शाबासकीने मिटत नाही.

रेल्वेच्या नियमांमुळे नव्या पुलाची उंची वाढवावी लागली, असे सांगण्यात आले. ते मान्य. पण पुलाची उंची काही एका रात्रीत वाढत नाही. ती नकाशात कितीतरी आधी उतरलेली असते. त्या नकाशातला आकडा आणि शेजारच्या पुलाचा आकडा एकाच पडद्यावर शेजारी शेजारी मांडले असते, तर पोरासोरालाही फरक दिसला असता.

बांधकामाच्या जागी ज्यांनी चार दिवस काढले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. वास्तुशास्त्रज्ञाचा एक नकाशा, सळयांच्या हिशेबाचा दुसरा, नळ आणि विजेच्या तारांचा तिसरा. प्रत्येकात दर आठवड्याला दुरुस्ती. आता हे सारे संगणकावरच तयार होते, हे आम्हांस ठाऊक आहे. पण तयार झाल्यावर ते कोणाच्या ई-मेलात, कोणाच्या व्हॉट्सअॅपवर विखुरते. आणि मुकादमाच्या हाती उरतो तो चहाचे डाग पडलेला, दोन दुरुस्त्या मागचा कागद. स्लॅब त्या कागदाप्रमाणे पडतो.

याची किंमत केवळ पैशांत मोजायची असती तर आम्ही पहिले पान अडवले नसते. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथील हयात रीजन्सी हॉटेलात १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी नृत्याचा कार्यक्रम रंगात असताना छताला टांगलेले दोन पादचारी मार्ग कोसळले आणि ११४ माणसे ठार झाली. मूळ नकाशात वरचा व खालचा असे दोन्ही मार्ग एकाच अखंड सळईने छताला टांगलेले होते. कारखान्यातील नकाशात त्या एका सळईच्या दोन झाल्या. खालचा मार्ग वरच्या मार्गाच्या तुळईला लटकला आणि तेथील सांध्यावरचा भार दुप्पट झाला. चौकशीत असेही निघाले की मूळ रचनादेखील त्या शहराच्या नियमांत बसणारी नव्हती. बदललेल्या नकाशावर अभियंत्यांच्या मान्यतेचा शिक्का होता. त्या सांध्याचे गणित मात्र कोणी केले नव्हते!

अशा घोटाळ्यांवर उपाय म्हणून आज जगात एका कामाचे सर्व नकाशे व कागदपत्रे एकाच संगणकीय दप्तरात ठेवण्याची पद्धत रूढ होत आहे. आयएसओ १९६५० या २०१८ च्या मानकाने कागदाच्या चार अवस्था ठरविल्या आहेत : तयार होत असलेला, इतरांना तपासण्यास दिलेला, कामासाठी मंजूर झालेला आणि जुना होऊन जपून ठेवलेला. कोणी कोणत्या दिवशी काय बदलले याची नोंद पुसता येत नाही. निरनिराळ्या शाखांचे नकाशे एकमेकांवर चढवून कोठली नळी कोणत्या तुळईत घुसते, हे खोदकामापूर्वीच पाहता येते. ब्रिटिश सरकारने २०१६ पासून आपल्या मध्यवर्ती खात्यांच्या बांधकामांना ही पद्धत सक्तीची केली. आणि परदेशाकडे तरी कशाला पाहायचे? आमच्या नागपूरच्या मेट्रोने तिचा वापर केलेला आहे.

आम्ही यंत्रपूजक नाही. न वाचता शिक्का मारणारा हात उद्या न वाचता बटणही दाबील. फरक इतकाच, की बटण दाबणाऱ्याचे नाव, तारीख आणि वेळ तेथे राहील, आणि ‘तो कागद आमच्याकडे आलाच नाही’ हे कचेऱ्यांचे लाडके उत्तर बंद होईल. या पद्धतीला खरा विरोध होईल तो येथूनच, असा आमचा संशय आहे.

रेराच्या कायद्याने खासगी बिल्डरला मंजूर नकाशे संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात, आणि घरे घेणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश लोकांच्या संमतीवाचून त्याला मांडणीत मोठा बदल करता येत नाही. मग करदात्यांच्या पैशातून पूल बांधणाऱ्यांनाच मोकळीक का? महापालिकेच्या प्रत्येक मोठ्या कामाच्या निविदेत या सामायिक दप्तराची अट असावी, रेल्वेसह प्रत्येक संबंधित खात्याला त्यात नकाशे ठेवणे बंधनकारक व्हावे, आणि काम संपल्यावर जसे बांधले तसे नकाशे नागरिकांना पाहता यावेत. पुढच्या पुलाची निविदा निघण्यापूर्वी आयुक्तांनी एवढाच खुलासा करावा, की त्या पुलाचा मंजूर नकाशा कोणता आणि तो कोणाच्या ताब्यात आहे?