रेडीमेड घर घेताय? आधी स्वयंपाकघराचं बोला!

साडी घ्यायची म्हटली तरी आपण चार दुकानं पालथी घालतो. पदर उलगडून बघतो, रंग जाईल का ते विचारतो. आणि जन्मात एकदाच होणाऱ्या घराचं? ते ठरतं बाहेरच्या खोलीत. घरातली पुरुष मंडळी, ठेकेदार आणि एखादे जाणते काका बसतात, आतून चहा जातो आणि रिकाम्या कपांबरोबर निरोप येतो, 'ठरलं बरं का!' काय ठरलं, ते बाईला पाया खणताना कळतं.

बचत गटांच्या कामासाठी मी तालुक्यातल्या गावांतून हिंडते. तिथल्या बैठकांत हल्ली कर्जाच्या हप्त्यांच्या जोडीला एक नवा विषय निघतो, रेडीमेड घरांचा. कारखान्यात भिंती तयार होतात, ट्रकमधून येतात, लोखंडी सांगाड्यावर बसवल्या जातात आणि थोड्याच आठवड्यांत घर उभं! मोबाइलवर व्हिडिओ बघून बायका विचारतात, "ताई, हे टिकेल का हो? की नुसतंच देखणं?"

प्रश्न रास्त आहे. पण माझ्या मते त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न दुसराच आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता या घराच्या स्वयंपाकघरात उभं राहवेल का? घर कुणाच्याही नावावर असो, त्यात सर्वांत जास्त वेळ काढते ती बाई. तेव्हा घर विटांचं, पॅनेलचं की मातीचं हे ठरवताना तिचा शब्द आधी घ्यायला हवा.

मी काही नव्या घरांच्या विरोधात नाही. हे खूळ आहे असंही समजू नका. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२१ रोजी इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा आणि लखनौ अशा सहा शहरांत निरनिराळ्या नव्या पद्धतींनी घरं बांधायला घेतली, प्रत्येक ठिकाणी हजाराच्या आसपास. इंदूरला पॅनेलच्या भिंती वापरल्या. दोन पातळ बोर्ड आणि मधे हलका गाभा, अगदी आपल्या सँडविचसारखं.

घर हलकं असण्याचा फायदा मराठवाड्याला समजावून सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून दमलेली गावं झोपेत असताना पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि माळवदावर वर्षानुवर्षं चढत गेलेला मातीचा थर, हे सगळं ओझं झोपलेल्यांवर कोसळलं. भिंतीच्या दोन्ही बाजू धरून ठेवणारे आरपार दगड बहुतेक घरांत नव्हतेच. एकट्या मातीला दोष देण्यात अर्थ नाही, खरी चूक बांधणीत आणि छपराच्या वजनात होती.

आता दुसरी बाजू बघा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आलं, तेव्हा घरांवरचे पत्रे आणि कौलं पाचोळ्यासारखी उडाली. भूकंपात हलकेपणा तारतो, वादळात तोच दगा देतो. म्हणून 'घर हलकं आहे, पाया कशाला?' असं कुणी म्हणालं तर मुळीच ऐकू नका. त्यातून आपली काळी माती! पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. सांगाडा पायात पक्का जखडलेला हवा आणि पाया जमीन बघूनच घ्यायला हवा.

बाकीचे प्रश्न मात्र आपणच विचारू शकतो, कारण ते पुरुषांना सुचतच नाहीत. भांड्यांची मांडणी कुठे ठोकायची? पॅनेलच्या भिंतीवर वाटेल तिथे खिळा मारता येत नाही. जड वस्तूंसाठी आतून आधार लागतो, आणि तो भिंत बसवण्याआधीच सांगावा लागतो. देवघर, मांडणी, पाण्याची टाकी, पंखा यांच्या जागा कागदावर आधी दाखवा.

शेगडीमागची भिंत कसली आहे? गाभा थर्माकोलचा असेल तर तो पेट घेऊ शकतो. आगीला दाद न देणारा गाभा आहे का, हे लेखी घ्या. मी तर म्हणेन, ओट्यामागची तेवढी भिंत विटांचीच बांधून घ्या.

वाळवणं कुठे घालायची? कुरडया, पापड, सांडगे, वर्षाच्या डाळी आपण गच्चीवर वाळवतो. उन्हाळ्यात झोपायलाही तीच. तयार घराला वरून पत्रा असेल, तर गच्ची गेली! मग तेवढं अंगण तरी शिल्लक राहतंय का?

आणि धाकट्याचं लग्न झाल्यावर काय? आपल्याकडे गच्चीवर कॉलमच्या सळया बाहेर काढून ठेवतात, पुढेमागे मजला चढेल म्हणून. तयार घरावर मजला चढवता येईल का, ते पहिल्याच दिवशी ठरतं. नंतर नाही.

'याला परवानगी लागत नाही' असंही विक्रेते सांगतात. त्यांच्या शब्दावर जाऊ नका. आधी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत चौकशी करा. बँक अशा घराला कर्ज देणार का, हेही इसार देण्याआधीच विचारा.

पॅनेल परवडत नसेल किंवा मन घेत नसेल, तर वेगळं घर आपल्या मातीतही होतं. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि केरळात स्थायिक झालेले वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७ ते २००७) यांनी साध्या माणसांसाठी स्वस्त, देखणी घरं बांधली. विटा आडव्या न रचता उभ्या कडेवर रचायच्या, मधे पोकळी राहते. विटा जवळजवळ पाव हिश्शाने कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळे ऊन लवकर आत येत नाही. स्लॅबमध्ये खालच्या बाजूला, जिथे काँक्रीटचं फारसं काम नसतं तिथे, मंगलोरी कौलं घालायची. सिमेंट वाचतं, उकाडाही कमी होतो. तशाच मातीत थोडं सिमेंट मिसळून यंत्रावर दाबलेल्या, भट्टीत न भाजता पाणी मारून पक्क्या केलेल्या विटा. मात्र निव्वळ काळी माती त्याला चालत नाही. आणि हे काम येणारा गवंडी हवा. त्याने बांधलेलं घर स्वतः जाऊन बघा, दुपारच्या उन्हात!

आता कुणी म्हणेल, बायकांना बांधकामातलं काय कळतं? त्यांना किल्लारीनंतरची गोष्ट सांगा. घरांच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीकरणाचं काम निघालं, तेव्हा 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने शेकडो गावांतल्या महिला 'संवाद सहायक' झाल्या. सरकारी योजना घरोघरी समजावून सांगणं, काम नीट होतंय ना ते बघणं, अधिकाऱ्यांपुढे गावाची अडचण मांडणं, हे सगळं त्यांनी केलं. यातल्या कितीतरी जणी तोवर घराचा उंबरा ओलांडून सभेला गेल्या नव्हत्या.

कायदाही आज आपल्या बाजूने थोडा सरकला आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागातलं घरकुल सहसा बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे मंजूर होतं. त्याचं क्षेत्र कमीत कमी २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट, आणि स्वयंपाकाची जागा त्यातच धरलेली. एवढ्याशा जागेत ओटा कुठे आणि मोरी कुठे, हे तिच्याशिवाय कोण नीट सांगणार? महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर खरेदी केलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही मिळते. पण कागदावर नाव आणि नकाशावर मत नाही, असं झालं तर ते नाव नुसतं सवलतीपुरतंच उरतं.

म्हणून मैत्रिणींनो, एवढं करा. नकाशा हातात आला की तो फक्कीने मोकळ्या जागेवर आखा, खऱ्या मापात. स्वयंपाकघराच्या चौकोनात उभ्या राहा. ओटा आखा, फ्रिज आखा, दार कुठे उघडतं ते आखा. खाली बसून पोळ्या लाटायची सवय असेल तर बसून बघा. मग सासूबाईंना आत बोलवा, मुलीला बोलवा. तिघी एकमेकींना धक्का न लागता वावरू शकलात, तर ठेकेदाराला इसार द्यायला सांगा. नाहीतर चहाचे कप बाहेर नेताना नकाशाही बरोबर न्या, आणि तिथेच खुर्ची ओढून बसा.