डाळीच्या डब्यातले पैसे

मैत्रिणींनो, डाळीच्या डब्यात तळाशी पुरचुंडी नाही, असं एखादं तरी घर आहे का? घरातल्या पुरुषांना ते ठाऊक असतं. ते विचारत नाहीत आणि आपण सांगत नाही!

२००८ च्या दिवाळीनंतर आमच्या शेजारच्या वहिनींची ती पुरचुंडी सुटली. त्यांचा धाकटा भाऊ सुरतेला हिऱ्यांना पैलू पाडायच्या कामावर. दिवाळीच्या सुटीत कारखाना बंद झाला तो उघडलाच नाही. बायकोमुलांना घेऊन तो बहिणीकडे आला. वहिनी म्हणाल्या, "अहो, अमेरिकेतली बँक बुडाली तर माझ्या भावाची भाकरी का जावी?" प्रश्न रास्तच होता. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्सचं दिवाळं वाजलं, तिकडच्या लोकांनी हात आखडता घेतला, आणि आपल्या हिऱ्यांचं मोठं गिऱ्हाईकच फिरकेनासं झालं.

अशा वेळी आपण काय करतो? नवी साडी नको, दुधाचा रतीब अर्ध्यावर. शहाणपणाचंच आहे ते. पण गावातल्या सगळ्याच घरांनी तसं केलं, तर कापडवाल्याने आणि गवळ्याने खायचं काय? म्हणून मंदीत सरकारने आपल्या उलट वागायचं, सढळ हाताने खर्च करायचा. श्रीमंत देशांना त्यासाठी कर्ज मिळतं. गरिबाला मात्र ऐन अडचणीत सावकार दारात उभं करत नाही.

इथे मला दक्षिण अमेरिकेतल्या चिलीचं कौतुक वाटतं. तो तांब्याच्या खाणींचा देश. २००८ पूर्वी काही वर्षं तांब्याचा भाव नुसता कडाडला होता. लोक म्हणत, पैसा आलाय, वाटा! अर्थमंत्री आन्द्रेस वेलास्को यांनी ऐकलं नाही. बिचाऱ्यांनी बोलणीही खूप खाल्ली. (डबा राखणाऱ्या बाईला काय काय ऐकावं लागतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.) वरकड पैसा बाजूला टाकता टाकता २००८ अखेर २० अब्ज डॉलरची पुंजी झाली. मग तांब्याचा भाव कोसळला. २००९ साली त्यांनी पुंजीतले ९ अब्ज काढले. त्यातून कामं निघाली, गरीब घरांच्या हातात दर अवलंबितामागे ४० हजार पेसो पडले. मंदी टळली नाही, उत्पन्न घटलंच. पण हात पसरावा लागला नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हाही डब्यात ११ अब्ज शिल्लक होते.

आपल्याकडे असा डबा नव्हता. डिसेंबर २००८ मध्ये अबकारी कर चार टक्क्यांनी उतरवला, रिझर्व्ह बँकेने ९ टक्क्यांचा व्याजदर एप्रिलपर्यंत पावणेपाचवर आणला. रोजगार हमी (मूळची आपल्या महाराष्ट्राची!) त्याच वर्षी देशभर पोचली होती, तीही उपयोगी पडली. गाडा चालला खरा, पण उधारीवर. सरकारी तूट अडीच टक्के धरली होती, ती सहाच्या घरात गेली. २००९ साली पावसानेही दगा दिला, आणि डिसेंबरात खाण्याच्या जिनसांचे भाव आदल्या वर्षापेक्षा वीसेक टक्क्यांनी चढले. सगळा दोष उधारीचा नव्हे, पण थोडा तिचाही, असं मला वाटतं.

आपल्यापुरतं बोलायचं तर बोनस, थकबाकी, ओव्हरटाइम हे आपलं तांबं. त्यातून आधी तीन महिन्यांचा किराणा, घरभाडं आणि मुलांची फी निघेल एवढं पोस्टात टाका. डब्यात नको, उंदीर व्याज देत नाहीत!

वहिनींचा भाऊ पुढे सुरतेला परतला. त्यांनी पुरचुंडी पुन्हा बांधायला घेतली, पण तोवर तूरडाळच इतकी महागली की डबा जेमतेम अर्धा भरे. "झाकायला डाळ पुरत नाही हो," म्हणून त्यांनी ती तांदळाच्या डब्यात हलवली.