आधी पडायला शिकवतात

अमेरिकेतल्या नेपरव्हिल गावच्या मराठी घरांत अलीकडे एक मत फार ठामपणे ऐकू येते. ते मांडणारे गृहस्थ शिकलेले आहेत, मुलांच्या काळजीपोटीच बोलतात, आणि त्यांचे नाव घेण्याची गरज नाही, कारण आता त्या मताला बरेच वाटेकरी झाले आहेत. मत असे: कराटे, ज्यूदो, तायक्वांदो म्हणजे मारामारीचे शिक्षण, ते घेतलेले मूल आक्रमक होते. मन शांत करायचे तर ध्यान आहे, योग आहे, समुपदेशक आहे. रंगीत पट्टे हा निव्वळ धंदा. आणि आठवड्यातले ते तास गणिताला दिले, तर पुढे कॉलेजच्या प्रवेशाला तरी उपयोगी पडतील.

शेवटच्या मुद्द्याला याच गावाने उत्तर देऊन ठेवले आहे. 1999 च्या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान चाचणीत, म्हणजे टिम्समध्ये, नेपरव्हिलच्या 203 क्रमांकाच्या शाळा-विभागातली आठवीची मुले विज्ञानात जगात पहिली आणि गणितात सहावी आली. त्या काळात याच विभागातले फिल लॉलर आणि पॉल झिएंटार्स्की हे व्यायामशिक्षक शारीरिक शिक्षणाचा तास पार बदलून टाकत होते. कोण जिंकले याऐवजी ज्याच्या त्याच्या छातीचे ठोके किती वाढले, यावर गुण मिळू लागले. पुढे नेपरव्हिल सेंट्रल हायस्कुलात वाचनात मागे पडणाऱ्या मुलांसाठी शाळा भरण्यापूर्वी व्यायामाचा 'झिरो अवर' सुरू झाला. मानसोपचारतज्ज्ञ जॉन रेटी यांच्या 2008 च्या 'स्पार्क' या पुस्तकाची सुरुवातच या गावापासून होते. गाव सुखवस्तू आहे, पालक उच्चशिक्षित आहेत, त्याचाही वाटा त्या निकालात असणारच. पण व्यायामाचा तास गणिताच्या तोंडचा घास काढून घेतो, हे म्हणायला नेपरव्हिलइतके गैरसोयीचे गाव दुसरे सापडणार नाही.

पट्ट्यांचा धंदा काही ठिकाणी होतो, हे खरे. शिकवण्यांचाही होतो, आणि त्यासाठी कोणी मुलांचे गणित बंद करत नाही.

समुपदेशकाचा मुद्दा तर वादाचाच नाही. मुलांच्या मानसिक आरोग्याबद्दल अमेरिकेच्या सर्जन जनरलनी डिसेंबर 2021 मध्ये देशाला सावध केले. 2022 मध्ये 8 ते 18 वयाच्या सगळ्या मुलांची चिंताविकारासाठी तपासणी करावी, अशी अधिकृत शिफारस झाली. खिन्नतेने ग्रासलेल्या मुलाला आधी डॉक्टरकडेच न्यायचे. कराटेच्या वर्गाने औषधाची जागा घ्यावी, असे कोणताही शहाणा गुरू म्हणत नाही. विरोधकाने हे म्हणणे स्वतःच रचले आणि स्वतःच पाडले.

राहिला तो खरा आक्षेप: लढायला शिकलेले मूल हिंसक होते. हा आक्षेप मुळापासून तपासायला हवा, कारण त्याच्या भीतीने कितीतरी बुजऱ्या, घाबरट मुलांना नेमक्या त्यांच्या उपयोगाच्या गोष्टीपासून दूर ठेवले जाते.

भीती जुनीच आहे. तालमीत जाणारा पोरगा वाया गेला, हे वाक्य महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या बोलले गेले. गल्लीत भांडणारा दांडगट आणि पहाटे उठून लाल माती कपाळाला लावणारा पोरगा यांना एकाच मापाने मोजले गेले. प्रत्यक्षात त्या आखाड्यात कुस्ती सुरू होण्याआधी सलामी होती, वस्तादाचा शब्द अखेरचा होता, आणि बाहेर हात उचलून आलेल्या पोराची गाठ आधी वस्तादाशी पडत असे. हे ज्यांनी कधी आत जाऊन पाहिले नाही, तेच बाहेरून निकाल देत राहिले. समुद्र ओलांडून नेपरव्हिलला आले तरी तो निकाल सामानातून बरोबर आलाच.

विरोधकाच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे, आणि तो त्याने दिला नसला तरी इथे द्यायला हवा. शाळेतल्या दांडगाईच्या अभ्यासाचा पाया घालणारे डॅन ओल्वेयस आणि त्यांच्या सहकारी इंगर एंड्रेसन यांनी 2005 मध्ये नॉर्वेतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुष्टियुद्ध, कुस्ती, वजन उचलणे आणि पौर्वात्य युद्धकला यांत शिरलेल्या किशोरवयीन मुलांमध्ये खेळाबाहेरचे समाजविघातक वर्तन वाढलेले दिसले. हा निष्कर्ष झटकून टाकता येत नाही. पण यादी पुन्हा वाचावी. तीत वजन उचलणे आहे. लोखंडी कांब उचलणारा कोणाला ठोसा मारत नाही, लाथ झाडत नाही. तरीही तो याच गटात बसतो, याचा अर्थ नुसत्या ठोशाकडे बोट दाखवून भागत नाही. त्या जागेची हवा कशी आहे, तिथे मर्दानगीच्या कोणत्या कल्पना घोटवल्या जातात, हे पाहावे लागते, आणि अभ्यासकांनीही या शक्यतेचा विचार केला होता.

हीच गोष्ट 1986 मध्ये अमेरिकेत मायकेल ट्रल्सन यांच्या प्रयोगातून पुढे आली होती. गुन्हेगारीकडे कल असलेल्या 13 ते 17 वर्षांच्या मुलांचे तीन गट केले. एकाला पारंपरिक तायक्वांदो शिकवला: आदर, संयम, मनन यांसह. दुसऱ्याला फक्त लढण्याचे तंत्र दिले. तिसऱ्याने धावणे, बास्केटबॉल असले खेळ खेळले. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची आक्रमकता आणि चिंता कमी झाली, आत्मविश्वास वाढला. दुसरा गट आधीपेक्षा जास्त आक्रमक झाला. प्रयोग लहान होता. तरी लाथ तीच आणि ठोसा तोच असताना फळ उलटे आले, हे विसरण्यासारखे नाही. विरोधकाला दुसरा गट तेवढा दिसतो. पहिल्या गटासमोर तो डोळे मिटून घेतो, बहुधा ध्यानासाठी.

पुढे 2020 मध्ये मूर, डडली आणि वुडकॉक या संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. युद्धकलेच्या सरावाने चिंता, खिन्नता यांसारख्या आतल्या आत कुरतडणाऱ्या त्रासांवर मध्यम प्रमाणात चांगला परिणाम दिसला. स्वास्थ्याच्या भावनेवर थोडा. आक्रमकतेवर जवळपास काहीच नाही. ती वाढल्याचेही दिसले नाही आणि घटल्याचेही. म्हणजे कराटेने रागीट मूल गरीब गाय होते ही समर्थकांची जाहिरातही टिकत नाही.

मग मनाला मिळते काय? ज्यूदोचा पहिला धडा प्रतिस्पर्ध्याला पाडण्याचा नसतो, स्वतः पडण्याचा असतो. त्याला उकेमी म्हणतात: हनुवटी छातीशी घ्यायची, डोके वाचवायचे, हाताने जमिनीवर थाप मारायची, उठायचे. मोठ्या मुलांच्या दांडगाईला कंटाळून जुजुत्सूकडे वळलेल्या किरकोळ अंगाच्या जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्यूदोची शाळा काढली. ते पेशाने शिक्षक होते, आणि मुख्याध्यापकही. जुजुत्सूत पकड असह्य झाली की साथीदाराच्या अंगावर दोन थापा मारायच्या आणि त्याने तत्क्षणी सोडायचे. 'थांब' म्हटल्यावर समोरचा थांबतो, हे भेदरलेल्या मुलाला इथे अंगाने कळते.

चिंतेचे शास्त्रही याच दिशेला बोट दाखवते. ज्या गोष्टीची भीती वाटते ती टाळत राहिले की भीती पोसली जाते. सुरक्षित जागी, थोड्याथोड्या मात्रेने तिला सामोरे गेले की ती उतरते. कराटेतल्या कुमितेत, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावलढतीत, समोरून हात येतो, छाती धडधडते, आणि तरी श्वास सोडून पाय जागेवर ठेवायचे असतात. एकट्याने डोळे मिटून बसण्यात समोरचा माणूस नसतो, आणि वर्गात एकटी पडलेली, बोलताना अडखळणारी मुले नेमकी त्या समोरच्या माणसालाच घाबरतात. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात दांडपट्ट्याने लिंबू कापतात, तेव्हा पट्टा फिरवणाऱ्याइतकाच लिंबू सांभाळून निश्चल राहणाराही तयार झालेला असतो.

यात धोका नाही असे नाही. जपानने 2012 पासून माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीची केली, तेव्हा जुनी आकडेवारी पुढे आली: आधीच्या सुमारे तीन दशकांत शाळांमधल्या ज्यूदोत शंभराहून जास्त मुलांचे जीव गेले होते, त्यांतले बरेच डोक्याच्या इजेने. नवख्या मुलांना उकेमी पक्की होण्याआधीच फेकण्यावर तेव्हा कडक टीका झाली. म्हणून नेपरव्हिलमधल्या पालकांनी वर्गात नाव घालण्याआधी एक पूर्ण तास बसून पाहावे. नव्या मुलाला पडणे किती दिवस शिकवतात, रडणाऱ्या मुलाशी गुरू कसा बोलतो, वरच्या पट्ट्याची मुले खालच्यांना सांभाळतात की रगडतात, आणि डोक्याला लागल्यास काय करतात, हे विचारावे. उत्तर देताना गुरू वैतागला, तर मुलाला घेऊन दुसरा वर्ग शोधावा.