कंदीलमासा आणि आपली घाई

अरबी समुद्र म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बांगडा, तारली, पापलेट आणि सुरमई येतात. परंतु बाजारात कधीच न दिसणारा बोटभर लांबीचा एक मासा याच समुद्राच्या अंधाऱ्या थरांत अगणित संख्येने नांदत आहे. अंगावर प्रकाशग्रंथींचे ठिपके असलेल्या या कंदीलमाशाला शास्त्रज्ञ ‘बेंथोसेमा टेरोटम’ म्हणतात. ओमानच्या आखातापासून आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या खंडान्त उतारापर्यंत त्याचा वावर आहे. दिवसा तो दोन-तीनशे मीटर खोल, जेथे प्राणवायू अत्यल्प असतो अशा पाण्यात राहतो. तिन्हीसांजेस वर येऊन सूक्ष्म प्लवकांवर गुजराण करतो आणि पहाटेपूर्वी पुन्हा तळ गाठतो. त्याचे आयुष्य जेमतेम वर्षाचे.

१९७०च्या दशकात ‘डॉ. फ्रिट्योफ नान्सेन’ या नॉर्वेच्या संशोधननौकेने या मासळीची पाहणी केली. त्यावरून पुढे उत्तर आणि पश्चिम अरबी समुद्रासाठी दहा कोटी टनांपर्यंतचे अंदाज मांडले गेले. मत्स्यचूर्ण आणि तेल यांच्या उद्योगाला या आकड्याची भुरळ पडावी, हे स्वाभाविकच. परंतु प्रतिध्वनीवरून बांधलेला अंदाज म्हणजे कोठारात मोजून ठेवलेले धान्य नव्हे! शिवाय कुपा आणि म्हाकूळ यांच्या ताटातले हे अन्न आहे. ते आपण उपसले तर आपल्याच मच्छीमारांच्या जाळ्यात उद्या काय येणार?

या बाबतीत गोव्याचा अनुभव बोलका आहे. तेथे यंत्रचालित ट्रॉलरांना आधी उत्तेजन मिळाले. रापणकारांना रस्त्यावर उतरावे लागले. आणि त्यानंतर १९८० साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. महाराष्ट्राचा कायदा आला १९८१ साली. आधी यंत्र आणि मागाहून नियम, या उलट्या क्रमाची किंमत लहान होडीवाल्याने मोजली.

खोल समुद्रातील मासेमारीच्या योजना आखताना हा क्रम सुलटा झाला पाहिजे. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या संस्थांनी ऋतुवार मोजमाप करावे, त्यावरून पकडीची मर्यादा ठरावी आणि मगच परवाने द्यावेत. आम्ही या संपत्तीच्या वापराविरुद्ध नाही. मात्र जे अद्याप नीट मोजलेले नाही ते लिलावात काढू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.