रोज अर्धं पान

"लिहायचंय रे एकदा, पण सलग वेळ मिळाला पाहिजे." हे वाक्य मी ऑफिसच्या कँटीनमध्ये किमान पाच जणांच्या तोंडून ऐकलंय, आणि सहावा मी. प्रत्येकाच्या डोक्यात एक कथा आहे, काहींच्या तर अख्खी कादंबरी, आणि प्रत्येकजण एका लांबलचक सुट्टीची वाट बघतोय. माझं आता ठाम मत झालंय की ही सलग वेळेची कल्पनाच आपल्याला लिहू देत नाही. कथा ही वीकेंडला करायची गोष्ट नाही. (हे मी शनिवारी दुपारी लिहितोय याची मला कल्पना आहे. :-) पण हा लेख आहे, कथा नाही. लेख एका बैठकीत होतो.)

सलग वेळेच्या बाजूचे पुरावे मात्र भारी असतात. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहिली. नेमाड्यांनी 'कोसला' पंचविशीत, काही आठवड्यांत लिहून काढली. असं वाचलं की वाटतं, आपल्यालाही पाच दिवस कोंडून ठेवलं तर आपणही काहीतरी करू. मीही दोन वर्षं हेच समजून चाललो होतो.

पण गुरुजींच्या बाबतीत त्याआधीचं आपण विसरतो. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना ते छात्रालयातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढायचे. दैनिक बरं का, मासिक नाही! मुलं उठायच्या आत मजकूर तयार. म्हणजे त्या पाच दिवसांच्या मागं रोज लिहिणारा हात होता, आणि त्या गोष्टी मनात कितीतरी वर्षं घोळलेल्या होत्या. पाच दिवसांत झालं ते फक्त कंपाइल. कोड आधीच लिहून झाला होता.

दुसरं उदाहरण इंग्रजीतल्या अँथनी ट्रॉलपचं. हा माणूस पोस्टखात्यात नोकरी करायचा, आपल्यासारखाच. पहाटे साडेपाचला टेबलावर बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द असा हिशोब पाळायचा. वेळेवर उठवून कॉफी आणून द्यायला त्यानं नोकराला वर्षाला ५ पौंड जादा दिले. हे सगळं त्याच्या आत्मचरित्रात आलं, ते १८८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. ते वाचून लोकांनी नाकं मुरडली म्हणतात. लेखक म्हणजे काय कारकून आहे? माझ्यासारख्या टाइमशीट भरणाऱ्या माणसाला मात्र ते वाचून फार बरं वाटलं.

आता माझं सांगतो.

आमचं गाव कोंढा. भंडारा जिल्हा, पवनी तालुका. आमच्याकडे कोंढा-कोसरा असं जोडीनंच नाव घेतात. पवनी तालुक्यातच वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण आहे. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं, आणि पुढची कितीतरी वर्षं आमच्या भागात लग्नकार्यात, बाजारात, मौतीला सगळीकडे एकच विषय: कोणतं गाव जाणार, मोबदला किती, पुनर्वसन कुठं. कोंढा राहिलं, पण नात्यातली घरं गेली. बाबांच्या मावशीचं घर असंच बुडीत क्षेत्रात गेलं. मला तिच्यावर कथा लिहायची होती.

दोन वर्षं दर वीकेंडला मी ती उघडायचो. शनिवारची सकाळ आधीचं वाचण्यात जायची, कारण पाच दिवसांत पात्रं मला विसरलेली आणि मी त्यांना. मग पहिला परिच्छेद खटकायचा. तो दुरुस्त करेपर्यंत जेवायची वेळ. दोन वर्षांत पहिला परिच्छेद चकाचक झाला आणि कथा चार पानांपुढे सरकली नाही. सॉफ्टवेअरमध्ये महिन्यातून एकदाच कोड एकत्र केला तर काय राडा होतो हे मला पगार घेऊन माहीत आहे. म्हणून तर आपण रोज रात्री बिल्ड लावतो, चूक दुसऱ्या दिवशी सकाळी दिसते. हेच कथेला लागू आहे हे डोक्यात यायला दोन वर्षं लागली!

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा ती चार पानं बाबांना वाचून दाखवली. त्यात शेवटच्या सकाळी ती म्हातारी अंगणात उभी राहून एक मोठं भाषण करते. माती, पूर्वज, नदी, सगळं. मला ते भाषण फार आवडायचं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपल्याकडं कोन बोलते बाबू असं?"

मी म्हटलं, "मग ती काय बोलली होती, बाबा?"

"काई नाही बोलली. आंगन झाडत होती."

मग त्यांनी सांगितलं. घराची दारं-खिडक्या, फाटे, कवेलू आधल्या दिवशीच काढून ट्रॅक्टरवर टाकले होते. नव्या जागी उपयोगी पडतात म्हणून सगळेच काढायचे. घराला दार नाही, छप्पर नाही. आणि ती नेहमीसारखी पहाटे उठली, अंगण झाडलं, शेणाचा सडा टाकला. कोणीतरी म्हणालं, आता काहून झाडते? तर म्हणे, "मंग का तसंच ठेवू?" एवढंच. मग ट्रॅक्टरवर बसली.

मी गप्पच. माझ्या भाषणातलं एक वाक्य त्या झाडण्यापुढे टिकत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे हे मला बाबांना विचारल्याशिवाय कळलंच नसतं. दोन वर्षं मी हिंजवडीत बसून माती आणि पूर्वज करत होतो, आणि फोन उचलून एक प्रश्न विचारला नव्हता.

तिथून परत आल्यावर वेळापत्रक बदललं. रोज सकाळी साडेपाच ते सहा. अर्धं पान, जास्त नाही. काल लिहिलेलं फक्त शेवटच्या चार ओळी वाचायचं, दुरुस्त करायचं नाही. आणि पुढं काय होणार हे माहीत असतानाच थांबायचं, म्हणजे उद्या कोऱ्या पानाची भीती राहत नाही (ही युक्ती हेमिंग्वेची, माझी नाही). शिवाय दिवसभरात कानावर पडलेलं एक वाक्य वहीत. बसमधलं, फोनवरचं, कोणाचंही. अर्धं पान टुकार झालं तरी हरकत नाही. फायदा त्या पानाचा कमी, दिवसभराचा जास्त. सकाळी म्हातारीशी बोललेलं असलं की ती मीटिंगमध्येही डोक्यात असते, आणि एखादा अडकलेला प्रसंग पार्किंगमध्ये सुटतो. शनिवारी-शनिवारी भेटणारं पात्र असं सोबत राहत नाही.

वहीचं म्हणाल तर आमच्या भागात त्याचं मोठं उदाहरण होऊन गेलं. मारुती चितमपल्ली. वनखात्यातली नोकरी, नवेगावबांधला (तेव्हा ते भंडारा जिल्ह्यातच होतं) कितीतरी वर्षं मुक्काम, आणि रोजच्या नोंदी. जंगलात राहणारे लोक पक्ष्याला, झाडाला काय म्हणतात ते विचारून लिहून ठेवायचं. त्यांच्या पुस्तकांतली भाषा त्या वह्यांतून आली. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा सगळ्यांनी त्यांना अरण्यऋषी म्हटलं. मला मात्र त्यांच्यात रोज नोकरी करून रोज वही भरणारा माणूस जास्त जवळचा वाटतो.

आता भाषेचा मुद्दा, कारण तिथं माझं भांडण आहे. आमची झाडीबोली. तिच्यात ळ नाही, ण नाही. डोळ्याला डोरा, काळ्याला कारा, पाण्याला पानी. मित्र म्हणतात, संवाद प्रमाण मराठीत लिही, पुण्याच्या वाचकाला कळणार नाही. मला हे पटत नाही. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० मध्ये आली, तिच्यातली कौतिक वऱ्हाडी बोलते, आणि तिचं दुःख सगळ्या महाराष्ट्राला कळलं. वाचक तितका आळशी नसतो. आपणच घाबरट असतो.

खरी भीती वेगळी आहे. बोली म्हटली की हशा, अशी सवय लागलीय. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई भरते, झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. लहानपणी कुडकुडत, घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बघितलीत, आणि प्रवेश कुठं तोडायचा हे मी तिथंच शिकलो. पण मी पाहिलेल्या बऱ्याच नाटकांत नायक शुद्ध बोलायचा आणि बोली असायची ती विनोदी पात्राच्या वाट्याला. आपल्याच मंडपात, आपल्याच लोकांसमोर! "मंग का तसंच ठेवू?" हे वाक्य त्या सवयीनं वाचलं तर हसू येईल. ते हसू येऊ नये असं लिहिणं, हे खरं काम आहे. ते शब्दांच्या याद्या करून होत नाही. रोज ऐकून, रोज लिहून, चुकून होतं.

अकरा आठवड्यांत कथा संपली. नऊ पानं झाली. भाषण काढून टाकलं, चकाचक पहिला परिच्छेदही गेला. फोनवर बाबांना वाचून दाखवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते दार कुठं बसवलं ते लिवलं नाहीस. न्हानीले लावलं होतं तिनं."

म्हणजे अजून संपली नाही. असो. सोमवारी साडेपाचला बघू.